बैलांच्या कानातलं गाणं

माझ्या सासरी गाणं रोज व्हायचं आणि ते कोणीही ऐकत नव्हतं.

आमचा मळा अकोल्याच्या जुन्या शहराला लागून, मोर्णेच्या काठावर. घर मळ्यातच होतं. विहीर, विहिरीवर मोट, मोटेला दोन बैल, एक पांढरा आणि एक तांबडा, आणि बैलांबरोबर आमचे घरधनी. दिवस उगवायला मोट सुरू व्हायची आणि मोटेबरोबर यांचं गाणं. उन्हं चढेपर्यंत तेच गाणं, त्याच चालीत, पुन्हा पुन्हा. सासूबाई चुलीशी भाकरी थापायच्या, सासरे वाफ्यांना पाणी द्यायचे, मी शेण-झाड करायचे. कोंबडा आरवतो, मोटेचं चाक करकरतं, हे गातात. कोणी विचारलं असतं की आज कोंबडा काय आरवला, तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. गाण्याचंही तसंच होतं.

मोट कधी पाहिली नाही अशीही माणसं हे वाचतील म्हणून थोडं सांगते. मोट म्हणजे कातड्याची मोठी पखाल. ती विहिरीत सोडायची, तिचा दोर बैलांच्या जुवाला बांधायचा. विहिरीपासून खाली उतरती वाट असते, तिला धाव म्हणतात. हाकणारा दोरावर बसतो, बैल धाव उतरून गेले की भरलेली मोट वर येते. मग त्यांनी खाली थांबायचं, मोट थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी बांधलेल्या कुंडात, रिकामी व्हायची, पाणी पाटानं वाफ्यांकडं जायचं. आणि मग सगळ्यात अवघड काम. बैलांनी पाठमोरं, मागं सरत सरत, चढ चढून विहिरीपर्यंत यायचं. पुढं चालणं कोणत्याही जनावराला येतं. मागं सरायला मन वळवावं लागतं.

मी बार्शीटाकळीची. सासरी नांदायला येऊन एकच पावसाळा उलटला होता. त्या काळी सुनेनं दिवसा नवऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडं बघायचंसुद्धा नाही, निदान सासू-सासऱ्यांच्या देखत नाही. रात्री बोलावं तर घर एका खणाचं आणि सासूबाईंची झोप मांजरीची. तेव्हा माझा आणि यांचा संबंध म्हणजे न्याहारीची टोपली. ती डोक्यावर घ्यायची, धावेच्या टोकाला ठेवायची, मान खाली घालून परत फिरायचं. हे कसे दिसतात हे मला नीटसं माहीत नव्हतं. पाय माहीत होते. धुळीनं माखलेले, रुंद पंजांचे.

त्या सालांत वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. समुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात लढाई पेटली आहे आणि तिच्यापायी आमच्या बोंडांना भाव आला आहे, असं बाजारात बोलत. सासऱ्यांनी ते कधी खरं मानलं नाही.

"लढाईत कापसाचं काय काम?" ते म्हणायचे. "जखमेवर लावाले इतका कापूस लागते का? मंग त्यायच्यात माणूस उरला तरी असन का?"

पण गाड्या खऱ्या होत्या. अमरावतीकडून कापसाचे बोजे लादलेल्या गाड्यांची रांग यायची आणि तिला शेवट नसायचा. धुरळ्यानं झाडं पांढरी व्हायची. ज्याच्या अंगात बळ तो गाडीवान झाला. ज्याच्याकडं रान त्यानं कापूस पेरला. आमच्या शेजारच्या मळेवाल्यानं तर वांगी उपटून सरकी लावली आणि एका सालात बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू घातले. त्या घुंगरांचा आवाज आमच्या घरापर्यंत येई आणि सासूबाई मुद्दाम जोरात खोकत.

याच शेजाऱ्यानं लेकीच्या लग्नात अमरावतीहून गाणारीण आणली. आम्हा बायांना ओसरीच्या जाळीआडून ऐकायला मिळालं. मी तसं गाणं आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. ती बाई एक ओळ घ्यायची आणि तिला अशी फिरवून आणायची की माझ्या अंगावर काटा यायचा. आणि समोर बसलेले लोक? नवी पागोटी, नवी उपरणी, मांडीला मांडी लावून कापसाचा भाव बोलत होते. मध्येच कोणाला तरी आठवायचं की आपण गाणं ऐकायला बसलो आहोत. मग तो मोठ्यानं "वाहवा!" करायचा, आणि बहुतेक वेळा भलत्याच जागी. एकदा तर गाणारीण पानाचा विडा तोंडात घालत होती तेव्हा. तिनं विडा खाल्ला आणि त्याला सलाम केला. मला त्या लोकांचा संताप आला होता. जाळीतून एखादा खडा भिरकवावा असं वाटलं. घरी येताना मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, एवढ्या लांबून बोलावलं अन् कोनी ऐकलं नाई." त्या म्हणाल्या, "आनलं तं खरं. आनलं हेच त्यायले दाखवाचं होतं."

तेव्हा मला वाटलं, आपण तसे नाही. आपण ऐकणारी माणसं. किती तो गर्व.

दिवाळी झाली आणि आमच्या घरात खटका उडाला. यांचं म्हणणं, बाग मोडावी, कापूस लावावा. सासऱ्यांचं म्हणणं, बाग हीच आपली जात आहे, माळ्यानं कापूस विकायचा आणि कोथिंबीर विकत आणायची, असं तोंड घेऊन बाजारात कसं जायचं?

"बा, साऱ्या जगानं कापूस लावला."

"मनूनच. सारं जग कापूस खाईन का? वांगं कोन देईन त्यायले?"

शब्दानं शब्द वाढला. शेवटी सासऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. ते असं करत तेव्हा बोलणं संपलेलं असे.

"गुढीपाडव्यापर्यंत बाग हिरवी राह्यली तं बाग राह्यन. वायली तं पुढल्या पेरनीले तुया कापूस. मी तोंड उघडनार नाई."

"अन् मोट कोन हाकन?"

"ते मी पाहीन. तुले जा लागते ना? जाय."

हे गेले. अमरावतीच्या एका अडत्याच्या गाड्यांवर गाडीवान म्हणून. जाताना टोपलीतली भाकर घेतली, माझ्या पायांकडं पाहिलं असेल तर पाहिलं असेल. बोलले काही नाहीत. मीही नाही. खरं सांगते, राग आला होता. रुसायचं तर बापावर रुसा, माझ्याशी एक शब्द बोलायला काय झालं होतं?

सासऱ्यांनी पातूरकडचा एक गडी लावला. आडदांड, हसरा, आणि त्याचा गळा यांच्याहून गोड होता, हे मी तेव्हा बोलले नाही. त्यानं मोट जुंपली, दोरावर बसला आणि आपलं गाणं सुरू केलं. बैल जागचे हलले नाहीत. त्यांनी कान टवकारले, एकमेकांकडं पाहिलं आणि उभेच राहिले. चाबूक वाजला तेव्हा कसेबसे धाव उतरले, पण मोट थारोळ्यावर टेकते न टेकते तोच आडवे वळले, दोर सैल पडला आणि भरलेली मोट धाडकन विहिरीत गेली. पुन्हा तेच. मग त्यांनी उतरायलाच नकार दिला. गड्यानं पांढऱ्याला चार रट्टे दिले. पांढऱ्यानं पाय दुमडले आणि भर धावेवर बसकण मारली.

सासरे वाफ्यातून धावत आले. "बैल माहे हायेत. मार तुया नको," असं म्हणून त्यांनी गड्याला वाटेला लावलं. तो जाताना हसत म्हणाला, "बुढ्या, तुहे बैल गवई हायेत. त्यायले त्यायचंच गानं पायजे."

गडी गेला, पण बोलला ते खरं होतं. मोट सुरू झाली तेव्हापासून त्या जनावरांनी एकच गाणं ऐकलं होतं आणि ते गाणं हाच त्यांचा कासरा-चाबूक होता. कुठल्या शब्दावर उतरायचं, कुठल्या सुरावर थांबायचं, कशावर मागं फिरायचं, हे त्यांना त्या गाण्यानं शिकवलं होतं. आता गाणं अमरावतीच्या वाटेवर गेलं होतं आणि इकडं मिरचीची पानं दुपारी माना टाकायला लागली होती.

"त्यात काय," सासूबाई म्हणाल्या. "रोज ऐकतो आपन. आपनच मनू."

आम्ही तिघं ओसरीवर बसलो. आणि पहिल्याच ओळीला अडलो.

मला सुरुवात येत होती, कारण टोपली ठेवून परत फिरेपर्यंत तेवढीच माझ्या कानावर पडायची.

"धाव उतर रे राज्या, खाली हिरवं रान,
मिरचीले लागली तान, कांद्याची वाकली मान..."

"मंग?" सासऱ्यांनी विचारलं.

मंग मी घराकडं वळलेली असायची. मंग मला ठाऊक नव्हतं.

"मंग तो देवाचं नाव घेते," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. चुलीशी बसलं की मधला सगळा आवाज वाऱ्यावर जायचा, शेवटचा लांब सूर तेवढा घरात यायचा. "विठ्ठलंऽऽ मनते. मी रोज तवा हात जोडतो ना. साऱ्या आळीले सांगतलं मी, माहा लेक देवाचं नाव घेऊन पानी काढते मनून."

सासऱ्यांनी मान हलवली.

"विठ्ठल नाई मनत तो. 'आलंऽऽ' मनते. पानी आलं. थारोयं रिकामं होईलोक मनते, तवरोक बैल उभे राह्यतेत."

"आलं?"

"आलं."

"मंग मी इतके साल हात कोनाले जोडले?"

"मिरचीले," सासरे म्हणाले.

सासूबाई उठून आत गेल्या. पातेल्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मला हसू आवरेना म्हणून मी पदराचा बोळा तोंडात घातला. पण हसण्याच्या खालून भीतीही होती. कारण सासऱ्यांना शब्द येत नव्हते. ते पाटाशी उभे असायचे, पाण्याच्या खळखळीत त्यांना गाण्याची फक्त लांबी कळायची. सूर थांबला की पाणी थांबणार, तेव्हा एक वाफा बांधून दुसरा फोडायचा. तिघांकडं तीन तुकडे होते, ज्यानं त्यानं आपापल्या जागेवरून ऐकलेले. ते जोडले तर उतरायचं गाणं झालं, थांबायचा सूर झाला. मागं सरायचं काय होतं, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हा हे बैलांजवळ जाऊन, त्यांच्या मानेला मान लावून, अगदी हळू काहीतरी म्हणायचे, एवढंच सासऱ्यांनी दुरून पाहिलं होतं.

"मनाचं कोनं, हे पहिले सांगा," सासूबाई आतून म्हणाल्या. राग गिळून झाला होता.

सासऱ्यांना दमा. त्यांचा आवाज धावेच्या टोकापर्यंत पोचत नव्हता. सासूबाईंचे गुडघे गेलेले, दोरावर बसणं त्यांच्यानं होणार नव्हतं. दोघंही माझ्याकडं बघायला लागली. मी जमिनीकडं बघत होते.

सुनेनं सासऱ्यासमोर गळा काढून गायचं! माझ्या माहेरी कळलं असतं तर आईनं डोक्याला हात लावला असता. सासऱ्यांना माझी अडचण समजली असावी. त्यांनी पागोटं सारखं केलं.

"मी वाफ्याकडं तोंड करून उभा राह्यतो, बाई. मले तसंही ऐकू कमी येते."

त्यांना मुंगी चाललेली ऐकू यायची. पण त्या दिवसापासून पाडव्यापर्यंत ते मळ्यात बहिरे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कासोटा आवळला, पदर डोक्यावर घट्ट घेतला आणि दोरावर बसले. तोंड उघडलं तर आवाजच येईना. शेजाऱ्याच्या बांधावर दोन-तीन माणसं उगाच उभी होती. बाई मोट हाकते हे बघायला. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "धाव उतर रे राज्या..."

पांढऱ्याचा एक कान मागं वळला. मग तांबड्याचा. आणि ते चालू लागले.

मला काय वाटलं ते कसं सांगू? त्या दिवसापर्यंत या घरात माझं कोणी ऐकलं नव्हतं. वाईट वागवत होते असं नाही. सुनेचं ऐकायचं असतं हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं. आणि इथं दोन धिप्पाड जनावरं माझ्या एका शब्दावर चढ उतरत होती.

खाली पोचल्यावर मी "आलंऽऽ" लावलं. दम पुरला नाही, मोट अर्धीच रिकामी झाली. दुसऱ्या खेपेला जास्त पुरला. पण मागं सरायची वेळ आली की सगळं अडायचं. मी "चला मागं" म्हटलं, चुचकारलं, जुवाला धरून ढकललं. पांढरा माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा की, बाई, पुढचं म्हण ना. आणि पुढचं मला येत नव्हतं. सासरे यायचे, एका बाजूनं ते, एका बाजूनं मी, असं रेटत रेटत त्यांना वर न्यायचो. सकाळभर राबून निम्मंही पाणी निघेना. वांगी कशीबशी तगली. मिरचीचा खालचा वाफा पिवळा पडायला लागला.

मी काय काय करून पाहिलं! जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. पाळणा म्हटला. मारुतीची आरती म्हटली, त्यावर तांबड्यानं शेण टाकलं. चार शिव्याही दिल्या, माहेरच्या, अस्सल. काही नाही.

शेजारी एकदा बांधावर येऊन सासऱ्यांना म्हणाला, "काहून जीव काढता? बाग मोडा. पेरनीले सरकी मी देतो. अन् सुनेले घरात बसवा. लोक मनतेत, माळ्याची सून गाते अन् बैल नाचतेत."

सासरे म्हणाले, "काय मनता? ऐकू नाई येत."

तो निघून गेला. पण माझ्या डोक्यात ते वाक्य घोंगावत राहिलं. सासूबाई पाटी घेऊन बाजारात गेल्या होत्या. सासरे पलीकडच्या टोकाला कांद्यात होते. मी मोट वर आणली, "आलंऽऽ" म्हटलं, आणि मग बैलांजवळ गेले ती ढकलायला नाही. मी पांढऱ्याच्या मानेवर डोकं टेकलं आणि रडू आलं. रडता रडता बोलू लागले. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, म्हणून त्याच्या कानाशी. काय बोलले? गाऱ्हाणं. दुसरं काय असतं आमच्यापाशी? की तुमचा धनी गेला. जाताना मला शब्द बोलला नाही. माझी बाग वाळते, माझी मिरची जळते, माणसं मला हसतात, आणि तो तिकडं अमरावतीचा बाजार बघून राहिला असेल. बोलता बोलता शब्दांना आपोआप एक हेल आला, जसा आमच्याकडं बायांच्या रडण्याला येतो.

"तुमचा धनी गेला दूर, मले काही बोलला नाई,
माह्या मनीचा गुंता त्यानं जाता जाता सोडला नाई..."

माझ्या गालाखालची मान हलली. पांढऱ्यानं मागचा एक पाय मागं टाकला. मग दुसरा. तांबडा त्याच्या पावलानं. मी त्यांच्याबरोबर चालत होते आणि मला समजतही नव्हतं, दोर सैल पडला तेव्हा समजलं. आम्ही विहिरीशी पोचलो होतो आणि मोट पाण्यात बुडाली होती.

मी नाक पुसलं, दोरावर बसले आणि ओरडले, "धाव उतर रे राज्या!"

त्या दिवसापासून मागं सरायची अडचण राहिली नाही. दर खेपेला एक नवं गाऱ्हाणं. गाऱ्हाण्यांना काय तोटा? यांची संपली की सासूबाईंची घेई, त्यांची झाली की शेजाऱ्याची. कधी बार्शीटाकळीच्या बोरींची आठवण सांगे. पण पांढऱ्याला यांचंच गाऱ्हाणं जास्त आवडायचं, त्यावर तो झपझप सरायचा. सासऱ्यांनी एकदा लांबून विचारलं, "मागं येताना काय मनत असतीस व, बाई?"

"काही नाई, मामाजी."

"मंग तेच मन. पानी चांगलं येऊन रायलं."

आणि मी ऐकायलाही शिकले. चाक कोरडं पडलं की कोणत्या सुरात ओरडतं, मोट काठोकाठ भरली आहे की अर्धी, हे दोरावर बसल्या बसल्या कळायला लागलं. सासूबाईंनी पुन्हा "आलंऽऽ"ला हात जोडायला सुरुवात केली. म्हणाल्या, "जोडाची सवय लागली. अन् पानी येते, मंग देव नाई तं कोन?"

पाडव्याच्या सकाळी मी मोटेवरच होते. पहिल्या काही मोटा झाल्या असतील. गुढी उभारून झाली की जरा वेळानं पुन्हा सुरू करू असं सासरे म्हणाले, म्हणून मी घराकडं गेले, आणि परत न्याहारी घेऊन आले तर धावेच्या टोकाशी ते पाय दिसले. धूळ तीच, पंजे तेच. नवे चढाव पायांत न घालता हातात धरले होते.

मी मान खाली घातली. पण घालण्याआधी पाहून घेतलं. डोक्याला अमरावतीचा लाल फेटा, चेहरा उन्हानं रापलेला, आणि नजर बागेवर. मिरची हिरवीगार होती. कांदा उभा होता. खालच्या वाफ्यात वांग्याला जांभळी फुलं आली होती. सासरे वाफ्याच्या कडेला उभे होते. पागोटं डोक्यावरच होतं त्यांचं.

"मोट कोनं हाकली?" शेवटी यांनी विचारलं.

"बैलायनं," सासरे म्हणाले. "हाकून पाय."

हे दोरावर बसले. गाडीवानांमध्ये राहून एक नवी चाल शिकून आले होते, ठसक्याची. ती सुरू केली. बैलांनी कानसुद्धा हलवला नाही.

"ते अमरावतीच्या बैलायले मनून दाखवजो," सासरे म्हणाले. "यायचं मन."

मग यांनी जुनं गाणं धरलं. "धाव उतर रे राज्या" म्हणताच बैल निघाले. "आलंऽऽ" म्हटलं, पाणी थारोळ्यात कोसळलं. आणि मग हे थांबले. माझ्याकडं नजर गेली, मी टोपली घेऊन तिथंच उभी. यांनी नुसतंच जिभेनं चुचकारलं. बैल हलेनात.

"मागचं मन ना!" सासरे वाफ्यातून ओरडले.

"कोनतं मागचं?"

"बैलाच्या कानात मनत होता ते!"

यांचे कान लाल झालेले मी पाहिले. "ते गानं नोये, बा."

"माह्या सुनेचंही गानं नोये. पन हे त्याच्यावरच हालतेत." सासऱ्यांनी पाठ फिरवली आणि कुदळ उचलली. "मन. मले ऐकू नाई येत."

यांनी बैलांच्या मधोमध मान घातली आणि पुटपुटल्यासारखं सुरू केलं. मी इतकी जवळ कधीच थांबले नव्हते. टोपली ठेवून फिरायचं हा नियम. म्हणून ते मला कधी ऐकू आलं नव्हतं, आणि म्हणूनच ते इतक्या हळू म्हटलं जात होतं.

"बार्शीटाकयीची आनली, डोया उचलून पाहे ना,
भाकर ठेवून जाते मेली, दोन घडी राहे ना..."

रोज सकाळी, प्रत्येक मोटेमागं, मी या मळ्यात आले त्या दिवसापासून. साऱ्या अकोल्यात दोन बैलांना तेवढं ते ठाऊक होतं.

तांबडा मागं सरला. पांढरा सरला नाही. त्यानं मान वळवली आणि माझ्याकडं बघत उभा राहिला.

"आता काय झालं याले?" हे म्हणाले.

काय झालं होतं ते मला माहीत होतं. मी पुढं गेले, पांढऱ्याच्या दुसऱ्या बाजूला. सासूबाई ओसरीवर होत्या, सासऱ्यांची पाठ होती, बांधावर शेजारी असेल तर असेल. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि माझं गाऱ्हाणं सांगितलं, मला काही न बोलता गेलेल्या धन्याचं, सगळंच्या सगळं. मध्ये एकच मान होती, पलीकडं हे ऐकत होते. एक शब्द मध्ये घातला नाही. पांढऱ्यानं पाय मागं टाकला.

बैल विहिरीशी पोचले. मोट बुडाली. मी डोळे वर केले आणि यांच्याकडं सरळ पाहिलं.

मग टोपली धावेच्या टोकाला ठेवली, आणि त्या दिवशी परत फिरले नाही.